पहिला सीझन छान गेला, म्हणून नोकरी सोडू का?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. मांद्र्याला त्यांच्या आजोबांचं घर आहे. त्यातल्या दोन खोल्या त्यांनी गेल्या नोव्हेंबरपासून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि मार्चअखेर ४ लाख २० हजार रुपये जमा झाले. आता तुयेच्या कंपनीतली ३२ हजारांची नोकरी सोडावी, घर तारण ठेवून ३० लाखांचं कर्ज काढावं आणि मागे आणखी चार खोल्या बांधाव्यात, असं त्यांनी ठरवत आणलंय. "नशीब साथ देतंय तोवर करून घ्यावं," असं त्या लिहितात.

ताई, राजीनामा देऊ नका आणि घर तारण ठेवू नका. निदान अजून दोन सीझन तरी नाही. खोल्यांचा धंदा मात्र जिवापाड सांभाळा, कारण त्यात दम आहे.

तुम्ही पाठवलेला हिशेब नीट वाचला. ४ लाख २० हजारांतले १ लाख ८० हजार एकाच मंडळींकडून आलेत. घरून काम करणारी ही मंडळी दोन महिने दोन्ही खोल्या धरून राहिली, रोज खोलीमागे १,५०० रुपयांनी. असे पाहुणे दरवर्षी येतील असं तुम्हीही म्हणत नाही. उरलेल्या ९१ दिवसांत खोलीमागे ६० रात्री गेल्या, सरासरी २,००० रुपयांनी. म्हणजे अशी लॉटरी न लागता पाच महिन्यांत एक खोली साधारण १०० रात्री भरेल. बुकिंगवाल्यांचं कमिशन, धुलाई, नाश्ता, वीज, साफसफाईवालीचा पगार वजा केला की रात्रीमागे तुमच्या हातात १,१०० रुपये राहतात. आईच्या राबण्याचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत, तेही कधीतरी धरा.

आता ३० लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३८,८०० रुपयांच्या आसपास बसतो, वर्षाला ४ लाख ६६ हजार. सहा खोल्या प्रत्येकी १०० रात्री भरल्या तर ६ लाख ६० हजार मिळतील. हप्ते जाऊन उरले १ लाख ९४ हजार. आज पगाराचे ३ लाख ८४ हजार आणि दोन खोल्यांचे २ लाख २० हजार मिळून ६ लाख ४ हजार होतात. वर जून ते सप्टेंबरचे हप्ते चुकत नाहीत, दीड लाखाच्या वर जातात ते. पावसात लाँग वीकेंडला कोणी आलं तर आलं.

मी डिचोलीचा, गोव्याच्या खाणपट्ट्यातला, म्हणून मला हे जास्त लागतं. चीनची मागणी वाढली तेव्हा ज्या कमी प्रतीच्या लोहखनिजाला कोणी विचारत नव्हतं त्यालाही भाव आला. ते वाहायला आमच्याकडच्या घराघरांनी ट्रक घेतले. पहिल्याचे हप्ते लवकर फिटले, म्हणून दुसरा, मग तिसरा. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मधे थोडं सुरू झालं, पण २०१८ च्या निकालाने ८८ लीझ रद्द होऊन त्या मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रकवाले आळशी नव्हते, पहाटे चारला रांगेत उभे राहणारे लोक होते. पण ती मागणी त्यांच्या मेहनतीतून आलेली नव्हती, आणि कर्ज मात्र ती कायम राहणार असं धरून काढलेलं होतं. ज्यांनी एकच ट्रक ठेवून सुपारी-नारळाच्या कुळागराकडे पाठ फिरवली नाही, ते तरले.

तुमच्या पट्ट्यालाही हे नवीन नाही. मार्च २०२० मध्ये सीझन एका रात्रीत संपला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियन पाहुण्यांवर चालणाऱ्या मोरजीच्या गेस्ट हाऊसवाल्यांना धक्का बसला.

तरी सगळं नशिबाचं नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, तो उद्या उठून जाणार नाही. पाहुण्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांत आईच्या हातच्या जेवणाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, तो तुमचा स्वतःचा भाग. पुढच्या दोन सीझनमध्ये हाच भाग किती मोठा होतो ते कळेल. जुने पाहुणे परत येतात का, कमिशनवाल्यांना सोडून थेट फोन करतात का, याची वही ठेवा. खरा कस पावसाळ्यात लागेल: भिंतींना ओल, गाद्यांना कुबट वास, आणि बुकिंग शून्य. त्या चार महिन्यांत विमानतळावर किंवा तुयेत काम करणाऱ्या एखाद्याला एक खोली महिन्याच्या भाड्याने देऊन पाहा.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण ती मला सगळ्यात मोठी वाटते. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव आहे आणि दोन काका मुंबईत आहेत. आपल्याकडच्या वारसा कायद्याने ते आणि, लग्न कोणत्या पद्धतीने झालंय त्यानुसार, काकूही त्यात हक्कदार असू शकतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झाल्याशिवाय बँक हात लावणार नाही, आणि लावला तरी वाटणीआधी त्या जमिनीवर ३० लाख घालणं मला पटत नाही. या वर्षी वकिलाकडे जाऊन तेवढं सुरू करा. चवथीला, गणपतीत, काका घरी येतील, तेव्हाच बोला. जागा समुद्रापासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगीही लागेल, आणि पर्यटन खात्याकडची नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

या सीझनच्या निव्वळ कमाईतले दीड लाख बाजूला एफडीत ठेवा, त्याला हात नको. दोन सीझननंतर लांब मुक्कामाचे पाहुणे वगळून खोलीमागे १२० रात्री जात असतील आणि घराची कागदपत्रं तुमच्या नावावर आली असतील, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा चार नव्हे, दोन खोल्यांच्या कर्जाचा हिशेब मांडू, नोकरी चालू ठेवून.