वायपर काचेच्या मध्येच का थांबतात?

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचे वायपर दोन्ही स्पीडला नीट चालतात. बंद केले की मात्र जिथे असतील तिथेच थांबतात, नेमके डोळ्यांसमोर. थांबून-थांबून चालवायच्या खटक्यावर टाकले तर बोटभर हलतात आणि गप्प बसतात. मेकॅनिक म्हणतो, मोटर आणि थांबून-थांबून चालवणारा रिले दोन्ही बदला. खरंच दोन्ही गेले असतील का?

उत्तर : पाकीट आत ठेवा. तक्रारी दोन असल्या तरी दुखणं एकच दिसतंय. दोन्ही स्पीड चालतात, म्हणजे मोटरचे कार्बन (आत घासून करंट पोचवणारे तुकडे) शाबूत आहेत.

वायपर बंद केला तरी मोटरचा करंट लगेच तुटत नाही. मोटरच्या गिअरपाशी पार्किंगचा एक खटका असतो. पाती खाली येऊन बसेपर्यंत तो मोटरला वेगळ्या वायरने करंट देत राहतो. ती बसली की करंट तोडतो आणि मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडून तिला तिथेच ब्रेक लावतो. रिले बिचारा मोटरला क्षणभर ढकलतो, बाकीची फेरी या खटक्याच्या जिवावर होते. म्हणून तुमची पाती बोटभर हलतात.

आता तपासणी. चावी ऑन ठेवा आणि वायपर मध्यावर असताना बंद करा. गाडीच्या वायरिंगच्या नकाशात पार्किंगच्या दोन वायरी शोधा, एक खटक्यात जाणारी, दुसरी स्विचकडे परतणारी. कपलर (वायरींचा जोड) न काढता मागून टेस्ट लॅम्प (एक टोक पत्र्याला लावून दुसऱ्याने करंट तपासायचा दिवा) लावा. जाणारीवर दिवा लागत नसेल तर दोष फ्यूज किंवा वायरचा. जाणारीवर लागतो आणि परतणारीवर लागत नाही, तर खटकाच मेलाय. दोन्हींवर लागूनही मोटर ढिम्म असेल, तर स्टेअरिंगजवळचा स्विच किंवा रिले बघा. (काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूने असतो, तिथे हे गणित उलटं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत टेस्ट लॅम्प खुपसूच नका.)

माझ्या हाताखालून गेलेल्या अशा मोटरींत बहुतेकदा खटकाच निघाला. झाकण उघडलं की तांब्याची चकती आणि तिच्यावर घासणाऱ्या पितळी जिभा दिसतात. ग्रीस वाळून डांबरासारखं काळं झालेलं, जिभांच्या टोकांना हिरवट बुरशी. बारीक पॉलिश पेपरने चकती पुसा, जिभा केसभर वाकवून तिच्यावर दाब आणा, नवं ग्रीस बेताने लावा. मोटरचा दांडा काढावा लागला तर आधी खूण करा, नाहीतर पाती भलतीकडेच पार्क होतात. आणि हात घालण्यापूर्वी फ्यूज काढा. एकदा मी विसरलो होतो. डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतं.

प्रश्न : पावसात वायपरचा २० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो. ३० चा टाकू का?

उत्तर : अजिबात नको, वायर जळेल. फ्यूज काढून मोटरचा दांडा लिंकेजपासून (मोटर आणि पाती जोडणाऱ्या सळ्यांपासून) सोडवा आणि पाती हाताने फिरवून बघा. जड फिरली तर काचेखालच्या पिना गंजल्यात. तेल-ग्रीसनेही मोकळ्या झाल्या नाहीत तर लिंकेज बदला. हलकी फिरली तर नवा २० चाच फ्यूज टाकून मोटर एकटी चालवा. तेव्हाही उडाला, तर मोटरमध्ये पाणी शिरलंय किंवा वायर कुठेतरी पत्र्याला घासतेय.