मी बनवलेल्या गेमचे हक्क माझेच राहतील का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. दिवसा स्टुडिओत नोकरी करून रात्री घरी जो गेम बनवताय, त्याची कल्पना कुणी उचलली तर काय? आणि उद्या तो चालला, पुढचे भाग निघाले, तर मालकी तुमचीच राहील का? मला वाटतं, पहिल्याची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय आणि दुसऱ्याची फारच कमी.

कल्पनेवर किंवा खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मिळत नाही. तो मिळतो कोडला, चित्रांना, संगीताला, संवादांना. टेट्रिस या पडत्या ठोकळ्यांच्या गेमच्या मालकांनी झिओ नावाच्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, तेव्हा झिओचं म्हणणं होतं की आम्ही फक्त नियम घेतले. न्यू जर्सीच्या न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला: नियम सगळ्यांना मोकळे, पण तुकड्यांचं रूप, २० बाय १० चं मैदान, सगळी मांडणीच उचललीत. झिओ हरली.

आता त्याच टेट्रिसची दुसरी बाजू बघा. अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरी करताना लिहिला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० यंत्रावर ग्राफिक्सच नव्हतं, म्हणून पडद्यावर कंसाची चिन्हं शेजारी शेजारी छापून त्यांनी ठोकळे उभे केले. हक्क मात्र गेले सरकारकडे. १९८९ मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्राबरोबर टेट्रिस जगभर खपला, पण या माणसाला रॉयल्टी मिळू लागली ती थेट १९९६ पासून. हे वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं.

बंजीचं उदाहरण तर पाठच करून ठेवा. मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ २००० मध्ये विकत घेतला, २००१ मध्ये बंजीचा हेलो हा गेम आला. २००७ मध्ये बंजी वेगळी झाली, पण हेलो मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. पुढे २०१० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या प्रकाशकाशी करार करताना त्यांनी डेस्टिनी या नव्या मालिकेची मालकी स्वतःकडे ठेवली. म्हणून २०१९ मध्ये दोघं वेगळे झाले तेव्हा डेस्टिनी बंजीसोबत बाहेर पडला.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. तुमचं रात्रीचं काम एरवी यात येऊ नये, पण नेमणूकपत्र नीट वाचा. माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्रात, तिसऱ्या पानावर, ‘नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काही कंपनीचं’ असं एक वाक्य होतं. ते मी दीड वर्षाने वाचलं. तोवर माझा एक छोटा कोड्यांचा गेम अर्धा झाला होता. शेवटी एचआरकडून तो वगळल्याचं लेखी घेतलं, तेव्हा कुठे झोप लागली.

प्रकाशक भेटला तर हक्क सरसकट लिहून देऊ नका. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून प्रकाशक दोन्ही रकाने आपल्या सोयीने भरून आणतात. मसुद्यात ‘सिक्वेल’ आणि ‘पात्रे’ हे शब्द शोधा आणि ती कलमं वकिलाला दाखवा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर या गेमची एकही ओळ लिहू नका, अगदी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.