घरशाळेच्या आठवड्यात गाडी शिकवणं कसं बसवावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला १८ पूर्ण झाली आहेत आणि तिचा शिकाऊ परवाना आला आहे. ती एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त शालेय संस्थेची) बारावी करते आहे, धाकटा १६ वर्षांचा आहे आणि दहावी करतो आहे. दोघांचा अभ्यास तुम्हीच घेता, आणि आता घरच्या गाडीवर मुलीला चालवायलाही तुम्हीच शिकवणार. पहिला आठवडा कसा आखावा, आणि धाकट्यालाही सोसायटीच्या मोकळ्या जागेत 'थोडीशी' द्यावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. देऊ नका, पाच मिनिटंसुद्धा नको. मोटार वाहन कायद्यात जिथे लोकांना जाता येतं ती प्रत्येक जागा सार्वजनिक धरली जाते; तुमच्या बडोद्याचं नवलखी मैदान त्यात येतं आणि बहुतेक सोसायट्यांचे आतले रस्तेही येऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा असतो, गाडीशी त्याचा संबंध नाही. धाकट्याला शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, ते पुढे येतंच.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या करा. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा: पाटी किमान १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच. आणि शेजारी परवानाधारक मोठं माणूस हवं, गाडी थांबवता येईल अशा बेतानं बसलेलं. विम्याच्या पॉलिसीतही शिकाऊ चालकाला याच अटींवर संरक्षण असतं. यातली एक अट मोडली तर अपघाताचा दावा अडतो.

'थांबवता येईल' हे शब्द नीट घ्या. घरच्या गाडीत तुमच्या पायाशी ब्रेक नसतो, हाताशी असतो तो फक्त हँडब्रेक. तो दोन सीटांच्या मध्ये, ओढायचा असेल तरच घरच्या गाडीवर सुरुवात करा. बटणाचा असेल तर पहिले काही तास ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीत घेणं मला शहाणपणाचं वाटतं. चालत्या गाडीची किल्ली मात्र कधीही काढायची नाही. स्टिअरिंग लॉक होतं.

आता वेळ. गाडीचा तास सकाळी साडेसहा ते सव्वासात. बडोद्यात आठनंतर अकोटा पुलापासून काळाघोड्यापर्यंत शिकाऊ माणसाला जागा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या गाडीत कुणाचंच डोकं शांत राहत नाही. ४५ मिनिटांच्या वर जाऊ नका. डावा पाय थकला की क्लच झटक्यानं सुटतो, आणि मग मूल स्वतःला मठ्ठ समजू लागतं. गाडीनंतर आंघोळ, नाश्ता, मग निदान तासाभरानं अवघड विषय. गणित शिकवणारं आणि क्लच शिकवणारं माणूस एकच असलं की एकीकडची चिडचिड दुसरीकडे उतरते, म्हणून मधे हे अंतर हवंच. गाडीत अभ्यासाचं काही विचारायचं नाही, आणि दूध-भाजीचं कामही या तासाला जोडायचं नाही. काम जोडलं की घाई आलीच.

सोमवारी इंजिन बंद ठेवूनच अर्धा वेळ जाऊ द्या. सीट अशी, की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहील, आणि हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. आरसे सीटनंतर लावायचे. पायात पातळ, सपाट तळव्याचा बूट; चप्पल नको, ती पेडलखाली अडकते.

मग क्लच, आणि इथे घाई करू नका. सपाट मैदानावर पहिला गिअर, हँडब्रेक सोडलेला, उजवा पाय ब्रेकवरून उचललेला पण त्याच्या अगदी वर तयार, ॲक्सिलरेटरला स्पर्शही नाही. क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खाली येतो, गाडी किंचित थरथरते. तिथे पाय तसाच दोन सेकंद धरायचा. गाडी आपोआप सरकते. मग क्लच दाबायचा, ब्रेक, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस एवढंच केलं तरी चालेल. गाडी बंद पडते ती याच बिंदूपाशी पाय न थांबल्यामुळे: संथ फिरणाऱ्या इंजिनाकडे जोर कमी असतो आणि सगळा भार एकदम अंगावर पडतो. ॲक्सिलरेटर आधी हातात दिला की मूल जास्त रेस करून ही चूक झाकायला शिकतं. क्लच प्लेट जळते, करपल्यासारखा वास येतो.

थांबवताना उलटी चूक होते. गाडी बंद पडेल या धास्तीनं मूल आधी क्लच दाबतं. मग इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी मोकळी पळते. सवय अशी लावा: आधी ब्रेक, वेग साधारण १० ते १५ किमीवर आला की क्लच.

तुमच्या सूचना ठरलेल्या आणि आखूड असू द्यात: 'सोड', 'धर', 'दाब', 'थांब'. 'अगं, अगं, अगं!' यातून तिला काय करायचं ते कळत नाही.

मंगळवारी मैदानच. बुधवारी वळणं आणि रिव्हर्स. रिव्हर्समध्ये वेग फक्त क्लचवर, आणि मान वळवून मागच्या काचेतून बघायचं. नुसत्या आरशावर किंवा कॅमेऱ्यावर भिस्त नको.

गुरुवारी गाडी चालवायची नाही. तो दिवस धाकट्याचा. त्याला गाडीची देखभाल शिकवा. टायर थंड असताना हवा भरायची, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी. टायरच्या खाचांची खोली १.६ मिमीच्या खाली गेली असेल तर टायर बदलायचा. कूलंटचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही. स्टेपनी बसवताना नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे, आणि जॅक लावण्यापूर्वीच ते अर्धा फेरा ढिले करायचे. त्याच दिवशी दुपारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत दोघांना सोडा. १९१० पासूनचं ते ग्रंथालय घरशाळेच्या मुलांनी वापरलंच पाहिजे, आणि टीएमए (एनआयओएसला लिहून द्यायचे स्वाध्याय) घरातल्यापेक्षा तिथे लवकर लिहून होतात. गुणांत त्यांचा वाटा २० टक्के असतो, तरी पालक ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

तिचा विषय भौतिकशास्त्र असेल तर गाडीचा उपयोग टेबलाशी करा. ३६ किमी वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. लक्षात येऊन पाय ब्रेकवर जायला १ सेकंद धरला तर तेवढ्यात १० मीटर गेले. मंदन (वेग कमी होण्याचा दर) ५ मी/से² धरलं तर पुढचे १० मीटर; एकूण २०. आता ७२ किमीला: २० अधिक ४०, म्हणजे ६०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. मग ओल्या रस्त्यासाठी मंदन ३ धरून तिलाच काढू द्या. हे तिनं स्वतः काढलं की 'हळू चालव' हे वेगळं सांगावं लागत नाही. वर्तुळाकार गतीही अशीच: २० मीटर त्रिज्येच्या सर्कलला ३६ किमीनं वळलं तर त्वरण ५ मी/से², १८ किमीनं १.२५. दहावीच्या मुलाला टाकी फुल ते टाकी फुल मायलेज काढायला द्या. सरासरी आणि प्रमाण आपोआप होतं.

शुक्रवारी पहिल्यांदा रस्ता, तोही भायलीकडचा रुंद आणि रिकामा. आता धाकटा मागे बसू शकतो, पट्टा लावून, गप्प. दर मिनिटाला बहिणीनं आरसा किती वेळा बघितला ते त्यानं मोजायचं आणि घरी आल्यावरच सांगायचं. उलट्या बाजूनं येणारी दुचाकी आणि बसलेली गाय, या दोन्हींसाठी उत्तर एकच: आधी वेग कमी, मग आरसा, मग बाजूला. हॉर्न सगळ्यात शेवटी.

शनिवारी चढ. बडोदं इतकं सपाट आहे की चढ फक्त पुलांवर आणि गरनाळ्यांत (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांत) भेटतो, तोही गर्दीत. त्यामुळे दरजीपुऱ्याच्या आरटीओत चाचणीच्या ट्रॅकवरच्या चढावर मुलं अडकतात. तळघरातल्या पार्किंगचा उतार सकाळी रिकामा मिळाला तर उत्तम. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच त्याच बिंदूवर. बॉनेट किंचित उचललं की मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे आली तर ब्रेक, क्लच नव्हे. चाचणीतले बाकीचे प्रकार, म्हणजे आठचा आकडा, समांतर पार्किंग आणि रिव्हर्सचा एस, पुढच्या आठवड्यांसाठी ठेवा. रविवारी सुट्टी.

या आठवड्यात जेमतेम चार तास होतील. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या अभ्यासक्रमात हलक्या वाहनाचं प्रत्यक्ष चालवणं २१ तासांचं आहे, त्यावरून अंदाज घ्या. पक्क्या परवान्याची चाचणी शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी देता येते आणि तो ६ महिने चालतो, म्हणजे वेळ भरपूर आहे. एनआयओएसच्या लेखी परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. चाचणीची तारीख त्यांच्या आणि प्रात्यक्षिकांच्या आसपास घेऊ नका. नापास झाली तर पुन्हा द्यायला किमान ७ दिवस थांबावं लागतं, आणि तो आठवडा पेपरांत पडला तर दोन्हीकडे लक्ष लागत नाही.