माझी पॉमेरेनियन २.८ किलोची आहे. दीड किलोचा नर लावला तर पिल्लं 'टीकप', म्हणजे अगदी बारकी, होतील, असं नरवाला म्हणतो. खरं आहे का?

खात्री कुणीच देऊ शकत नाही. नराचं वजन राहू द्या. त्याचे आईबाप आणि सख्खी भावंडं किती किलोची आहेत ते आधी विचारा. ती अडीच-तीन किलोची निघाली, तर पिल्लंही त्याच बाजूला झुकतील. शिवाय नराचं दीड किलो वजन रक्तातलंच आहे कशावरून? लहानपणी जंत, आजारपण किंवा उपासमार झाल्यानं खुरटला असेल, तर ते खुरटणं पिल्लांत उतरत नाही.

कुत्र्याचा आकार एका जनुकावर ठरत नाही. त्यातल्या त्यात आयजीएफ-१ हे वाढीशी संबंधित जनुक मोठं. लहान जातींत त्याचं बहुधा एकच रूप आढळतं, हे २००७ मध्ये समोर आलं. तरी जातीजातींतल्या आकाराच्या फरकातला जेमतेम १५ टक्के वाटा त्याचा. बाकी इतर अनेक जनुकांचा. प्रत्येक पिल्लाला आईबापांकडून निम्मी-निम्मी जनुकं मिळतात, पण दर वेळी पत्ते नव्यानं पिसले जातात. म्हणून एकाच वेतात एक पावणेदोन किलोचं आणि एक साडेतीन किलोचं निघू शकतं. आईबापांपेक्षा मोठंसुद्धा.

पॉमच्या बाबतीत हे जास्तच घडतं, कारण ही जात मुळात मोठ्या स्पिट्झपासून (टोकदार कानांची, दाट केसांची कुत्री) लहान करत आणलेली आहे. व्हिक्टोरिया राणीनं १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को नावाचा पॉम साडेपाच किलोच्या आसपास होता, आणि तो त्या काळी लहान गणला गेला! आपल्याकडे तर आणखी एक भानगड आहे. घरोघरी ज्याला 'पॉम' म्हणत आलो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ. पणजोबांत कुठंतरी तो असला, तर 'कल्चर पॉम' म्हणून विकलेलं पिल्लू अपेक्षेपेक्षा बरंच मोठं होऊ शकतं.

जन्माच्या वजनावरही जाऊ नका. ते बरंचसं आईच्या अंगावर आणि पिल्लांच्या संख्येवर असतं. एकटं पिल्लू पोटात चांगलं पोसलं जातं, आणि मग जन्मताना अडकू शकतं. पॉमचं डोकं गोल, आईच्या कमरेच्या हाडांतली वाट अरुंद. सिझरची वेळ लहान जातींत वरचेवर येते. म्हणूनच अनुभवी लोक मादी नराहून थोडी मोठी ठेवतात. या हिशेबानं तुमची मादी ठीक आहे. नर लावल्यापासून पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या, म्हणजे वेताच्या वेळी शेवटचं पोटात राहिलंय की नाही ते कळेल.

'टीकप' ही मान्य जात नाही, बाजारातलं नाव आहे. इतक्या बारक्या पिल्लांची रक्तातली साखर एक-दोन वेळचं खाणं चुकलं तरी घसरते, डोक्यावरची टाळू उघडी राहते, हाडं पटकन मोडतात. मी असा नर लावणार नाही. दोन-सव्वादोन किलोचा, ज्याचे आईबाप डोळ्यांनी पाहता येतील असा नर शोधा, आणि दोघांच्याही मागच्या पायांच्या गुडघ्याच्या वाट्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्या सरकण्याचा दोष पिल्लांत उतरतो.