बोटीच्या डॅशबोर्डवरचे मीटर बदलताना जुने सेंडर आणि बाकीचं सामान चालतं का?

तुम्ही विचारलंय की डॅशबोर्डवरचे जुने मीटर काढून नवीन सेट लावायचाय, तर जुने सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसवलेले, मीटरला रिडिंग पाठवणारे सेन्सर) तसेच ठेवले तर चालतील का आणि रिंग, हार्नेस (वायरींचा जुडगा), लाइट वगैरे कुठल्याही कंपनीचं घेतलं तर बसेल का. सेंडरचं आधी सांगतो कारण सगळा घोळ तिथेच होतो. रिंग चुकली तर दिसायला वाईट दिसेल एवढंच, पण सेंडर चुकला तर मीटर बिनधास्त खोटं बोलणार आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून किनारा सोडणार.

फ्युएल मीटर स्वतः काहीच मोजत नाही, टाकीतला सेंडर जो रेझिस्टन्स देतो तेवढाच तो वाचतो. आणि बाजारात दोन पद्धती आहेत, अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम, युरोपियन पद्धतीत बरोब्बर उलटं, रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. आता अमेरिकन सेंडरवर युरोपियन मीटर लावला तर काय होईल बघा, टाकी कोरडी पडलेली असेल तेव्हा काटा फुलच्या पण पुढे जाऊन बसेल. म्हणून खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका, ओहमचा आकडा छापलाय का ते बघा, नसेल तर मी तरी तो मीटर घेणार नाही.

जुनं कुठल्या पद्धतीचं आहे हे कळायला सोपी टेस्ट आहे. इग्निशन ऑन करून जुन्या फ्युएल मीटरच्या मागची सेंडरची वायर काढा, काटा एम्प्टीकडे पडला तर मीटर अमेरिकन, फुलकडे पळाला तर युरोपियन. मग मीटरवरची ती मोकळी झालेली पिन क्षणभर अर्थला टेकवली की काटा उलट्या टोकाला जायला हवा. हे सगळं डॅशबोर्डमागेच करायचं, टाकीजवळ अजिबात नाही, पेट्रोलच्या वाफा असतात तिथे ठिणगी नको. त्यानंतर इग्निशन बंद करून, काढलेल्या त्याच वायरवर मल्टीमीटर लावून अर्थपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा आणि टाकीत अंदाजे किती तेल आहे त्याच्याशी ताडून बघा. आकडाच येत नसेल किंवा सारखा उड्या मारत असेल तर आधी अर्थची वायर तपासा, ती ठीक असेल तर सेंडरच गेलाय, मग नवीन मीटर आणि नवीन सेंडर एकाच कंपनीची जोडी घ्या आणि मोकळे व्हा. नवीन घेताना टाकीची खोली मोजायची, नळीवाला सेंडर तळाला टेकता कामा नये, थोडा वर राहायला हवा. सेंडर टाकीवर बसवायची पाच भोकांची जी चकती म्हणजे फ्लँज असतो त्याची भोकं मुद्दाम सारख्या अंतरावर नसतात, तो एकाच बाजूने बसतो, त्यामुळे बसत नाही म्हणून नवीन भोक पाडायला जाऊ नका, फिरवून बघा.

ऑइल प्रेशरला ओहमबरोबर रेंजही जुळावी लागते. युरोपियन सेंडर ५ बारचाही (बार म्हणजे प्रेशरचं माप) मिळतो आणि १० बारचाही, दोघांचा ओहम जवळपास तोच, १० ते १८४. म्हणजे ५ बारचा सेंडर १० बारच्या मीटरला जोडला की प्रेशर दुप्पट दिसणार, इंजिन तेलासाठी तडफडत असलं तरी काटा मस्त मधोमध. टेंपरेचरचंही असंच, डायलवरची रेंज आणि सेंडरची रेंज एकच हवी.

आट्यांकडे पण लक्ष द्या. अमेरिकन सेंडरला बहुतेक वेळा १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपच्या मापाचे) आटे असतात, निमुळते, आणि युरोपियनला बऱ्याचदा एम१० बाय १, म्हणजे १० मिमी जाडीचे मेट्रिक. जाडी जवळजवळ सारखीच असल्यामुळे दोन-तीन आटे आरामात जातात आणि मग अडकतं, तिथे जोर लावला की इंजिन ब्लॉकचे आटे गेले. शिवाय एक पिनवाला सेंडर अर्थिंग स्वतःच्या बॉडीतून घेतो, त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून बसवला तर अर्थ तुटतो आणि रिडिंग चुकतं. ॲल्युमिनियमची बोट असेल तर दोन पिनवाला, वेगळ्या अर्थचा सेंडर बघा. आणि वर दुसरं स्टेअरिंग असेल, म्हणजे एकाच सेंडरवर दोन मीटर, तर साधा सेंडर चालत नाही, ड्युअल स्टेशनचा मागायचा.

आरपीएम मीटरला सेंडर नसला तरी सेटिंग असतं, मागे एक छोटा स्विच किंवा स्क्रू. पेट्रोलच्या इनबोर्डला (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) सिलिंडरच्या संख्येवर, आउटबोर्डला (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) अल्टरनेटरच्या पोलवर, म्हणजे चुंबकाच्या ध्रुवांच्या संख्येवर, १२ पोल म्हणजे एका फेऱ्याला ६ पल्स. सेटिंग ४ पल्सवर राहिलं आणि इंजिन ६ देत असेल तर ३००० चे ४५०० दिसतील. डिझेलला सहसा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेतात आणि तिथे पुलीचा रेशो मधे येतो, म्हणून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने एकदा जुळवून घ्या.

इंजिन नवीन डिजिटल असेल तर वरचं बरंचसं विसरा. मर्क्युरीचं स्मार्टक्राफ्ट, यामाहाचं कमांड लिंक ही त्यांची त्यांची भाषा आहे, दुसऱ्या कंपनीचा एनएमईए २००० वाला (बोटीवरच्या उपकरणांच्या सामाईक डेटा नेटवर्कचा) मीटर थेट जोडून काही दिसणार नाही, मधे त्या इंजिनसाठीचाच गेटवे, म्हणजे भाषांतर करणारा डबा लागतो. एनएमईए २००० च्या मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रेझिस्टर) हवेत, दोनच, ना कमी ना जास्त. पॉवर बंद करून दोन्ही डेटा वायरींमध्ये ६० ओहमच्या आसपास आलं की ते बरोबर आहेत, १२० आलं तर एक गायब आहे. मुख्य केबलवरून मीटरकडे जाणारी फांदी ६ मीटरच्या वर नेऊ नका.

रिंग वगैरेचं फार डोक्याला लावून घेऊ नका. छोट्या मीटरचं भोक साधारण ५२ मिमी आणि आरपीएम किंवा स्पीडच्या मोठ्याचं ८५ मिमी, जुनं भोक मोठं असेल तर ॲडाप्टर रिंग मिळते. पण डॅशबोर्डमागे खोली किती आहे ते मोजा, प्लग लावल्यावर मीटर जास्त जागा खातो हे लोक विसरतात. व्होल्टेज १२ का २४ ते आधी बघा. एलईडी लाइट जुन्या डिमरवर कधी फडफडतात कधी मंदच होत नाहीत, डिमरही एलईडीला चालणाराच घ्यावा लागतो.

वायर टिनवाल्या तांब्याचीच, साधी गाडीची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. अमेरिकन पद्धतीच्या हार्नेसमध्ये गुलाबी फ्युएल, फिकट निळी ऑइल, फिकट तपकिरी टेंपरेचर, करडी आरपीएम आणि जांभळी इग्निशनचा सप्लाय असते, पण आधीच्या मालकाने कुठला रंग कुठे जोडलाय याचा भरवसा नाही, प्रत्येक वायर मल्टीमीटरने तपासूनच जोडा.

अजून एक, मीटर होकायंत्राच्या शेजारी लावत असाल तर सगळं बसवून झाल्यावर, लाइट चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी, होकायंत्राची दिशा तपासा. मीटरमधल्या चुंबकाने आणि वायरींमधल्या करंटने सुई हलते, हलली तर मीटर लांब सरकवा आणि त्यांच्या सप्लाय आणि अर्थच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या.