आईला कोड आहे आणि माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग आलाय, हे अनुवंशिक की टिकलीमुळे?

तुम्ही विचारलंय की आईला कोड आहे, तुम्हाला आता टिकलीच्या जागी डाग पडलाय, घरात निम्मे लोक म्हणतात रक्तातच आहे आणि निम्मे म्हणतात टिकलीने झालं, आणि धाकट्या बहिणीलाही होईल का. मी डॉक्टर नाही, ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, पण मला स्वतःला बरीच वर्षं कोड आहे आणि सुरुवात कपाळावरूनच झाली, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच वाचलंय.

तुमच्या घरातले दोन्ही गट बरोबर असू शकतात, त्यांना उगाच भांडू देऊ नका.

कोड म्हणजे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते, ऑटोइम्युन प्रकार. याच्याशी संबंधित 50 च्या आसपास जीन्स सापडलेत. पण नुसत्या जीन्सवर सगळं ठरत असतं तर एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला झाला की दुसऱ्याला झालाच असता ना, प्रत्यक्षात अशा जोड्यांमध्ये दुसऱ्याला होण्याचं प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास निघालं. जीन्स अगदी सारखे असूनही बाकीच्यांना नाही झाला. म्हणजे बाहेरून काहीतरी निमित्त लागतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाचं तर कधी कळतही नाही.

आता टिकली. मागचा जो गोंद असतो त्यात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं केमिकल असू शकतं, शॉर्टमध्ये पीटीबीपी. सगळ्याच टिकल्यांत असतं असं नाही, पण पाकिटावर गोंदात काय आहे हे कुणी छापत नाही त्यामुळे दुकानात उभं राहून तुम्हाला कळणार कसं. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की या फिनॉलचा आकार टायरोसिनसारखा असतो आणि टायरोसिनपासूनच आपली त्वचा रंग बनवते. त्यामुळे रंग बनवणारं एन्झाइम फसतं, त्यालाच कामाला घेतं आणि त्यातून क्विनोन तयार होतात, ते पेशीतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतात. पेशीवर ताण येतो, ती धोक्याचे सिग्नल सोडते आणि प्रतिकारशक्तीला ते बदललेलं प्रोटीन परकं वाटायला लागतं. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण इथेच मिटतं. ज्यांच्या जीन्समध्ये आधीच कल आहे त्यांच्यात प्रतिकारशक्तीच्या टी पेशी हल्ला सुरू करतात आणि मग कधीकधी जिथे टिकली कधी लागलीच नाही तिथेही डाग येतात, कोपरावर, बोटांवर.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जपानचं. कानेबो कंपनीच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये रोडोडेंड्रॉल नावाचं असंच एक फिनॉल होतं, 2013 मध्ये माल परत मागवावा लागला. जवळपास 8 लाख लोकांनी वापरलं होतं, त्यातल्या साधारण 2 टक्क्यांना पांढरे डाग आले. क्रीम तेच, बाकीच्या 98 टक्क्यांना काही नाही! वापरणं बंद केल्यावर बऱ्याच जणींचा रंग परत येऊ लागला, काहींना मात्र क्रीम न लावलेल्या जागीही डाग आले. त्याच्याही खूप आधी, 1939 मध्ये, अमेरिकेत एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर डाग आले होते आणि शोधल्यावर निघालं रबरी हातमोज्यांतलं केमिकल. आपल्याकडे रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर इंग्रजी व्ही आकाराचा डाग येतो तो पण बऱ्याचदा याच जातीचा.

माझा डाग आधी टिकलीएवढाच गोल होता, कडा एकदम रेखीव. स्किनच्या डॉक्टरांनी केबिनमधले लाइट बंद करून वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) धरला तेव्हा तो निळसर पांढरा चमकला आणि शेजारी भुवईजवळ अजून एक ठिपका दिसला जो साध्या उजेडात मला कधी दिसलाच नव्हता. म्हणून सांगते, आरशात बघून अंदाज बांधू नका, दाखवून घ्या. टिकलीपुरताच आहे की पसरतोय हे तिथे कळतं.

तोवर चिकटवायची टिकली आजपासून बंद. ब्रँड बदलून बघते वगैरे अजिबात नको. ओल्या कुंकवातल्या रंगाचीही काहींना अ‍ॅलर्जी येते, त्यामुळे डाग असेपर्यंत कपाळ मोकळंच ठेवा, सासूबाई किंवा आई काय म्हणतील ते म्हणू देत. आजीच्या काळी मेण लावून त्यावर पिंजर लावायचे, तिथे गोंदाचा प्रश्नच नव्हता. दुसरं म्हणजे घर्षण. कोड असलेल्या त्वचेला मार, भाजणं, सततचं घासणं झालं की त्या जागी नवा डाग येऊ शकतो. परकराची नाडी रोज एकाच जागी करकचून बांधणाऱ्या बायकांच्या कमरेवर पट्टा येतो तो असा, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घाला.

आणि कृपा करून कुणाचं ऐकून बावचीचं तेल लावून उन्हात बसू नका. बावचीत सोरालेन असतं, उन्हात त्याने फोड येतात, कपाळ भाजतं आणि वर सांगितलं तसं भाजलेल्या जागी डाग वाढतो. माझ्या एका नातेवाईक बाईंनी हे केलं होतं, नंतर उपचार दुप्पट लांबले. मासे आणि दूध एकत्र खाल्लं म्हणून होतो याला काहीही आधार नाही, खा आरामात. हा कुष्ठरोग नाही आणि स्पर्शाने पसरत नाही हे मात्र घरात एकदा मोठ्याने सांगून टाका.

उपचार आहेत, टॅक्रोलिमसचं मलम, नॅरोबँड यूव्हीबी लाइट, आणि चेहऱ्यावर ते हातापायांपेक्षा बरंच चांगलं काम करतात. फक्त रंग आला म्हणून लगेच मलम सोडू नका, काही टी पेशी त्या जागी मुक्काम ठोकून बसतात आणि डाग बरोबर तिथेच परत येतो. थायरॉइडची टेस्ट पण करून घ्या, कोडासोबत थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना असतो, मलाही निघाला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे, आईला आणि तुम्हाला दोघींनाही तिथे बोलायला माणसं भेटतील.

बहिणीचं म्हणाल तर जवळच्या नात्यात कोड असेल तर शक्यता वाढते, पण तरी ती 6 ते 8 टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे न होण्याचीच जास्त. आधी करायची अशी कुठली टेस्ट नाही, जीन टेस्टच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. तिला टिकलीचं पाकीट सोडायला सांगा, पायात रबरी पट्ट्याची चप्पल असेल तर ती पण बदला, आणि कुठे पांढुरकं दिसलं तर लग्न ठरायचंय म्हणून महिनोन्‌महिने मेकअपखाली लपवू नकोस म्हणावं, कारण डाग नवीन असताना रंग परत यायचे चान्सेस जास्त असतात.