आंब्याच्या पेटीवर बोल्ड इटालिक सेरिफ अक्षर शोभेल का?

तुमचा प्रश्न असा, की देवगड हापूसच्या पेट्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या या दोन्हींवर नाव इंग्रजी-मराठीत टाइम्स या सेरिफ (रेषांच्या टोकांना बारीक पाय असलेल्या) फॉन्टच्या बोल्ड इटालिकमध्ये, म्हणजे जाड-तिरक्या अक्षरात, घ्यावं का. मी रत्नागिरीत डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करायची, कामं करतो, सीझनला पेट्यांचीच जास्त. माझं मत: इंग्रजी नावाला खुशाल घ्या, मराठीला अजिबात नको.

इंग्रजीत ते शोभतं, कारण तिथे इटालिक हा मुळातच वेगळा घडवलेला साचा आहे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओ या मुद्रकाने रोमन कवी व्हर्जिल छापला तो फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेल्या अशा अक्षरात. वळण त्या काळच्या हस्ताक्षराचं. ठळकपणा फार नंतरचा, एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातींच्या जमान्यातला. त्यामुळे या अक्षरात हाताचं लाघवही आहे आणि बाजारचा ठसकाही. खरा इटालिक इंग्रजी छोट्या 'ए'वरून (a) ओळखता येतो. सरळ टाइम्समधला 'ए' दुमजली, इटालिकमधला एकाच पोटाचा. 'एफ'ची शेपटीही ओळीखाली उतरते.

मराठीत आपण इटालिकचं बटण दाबतो तेव्हा बहुतेक फॉन्टमध्ये असं काहीच घडत नाही, सॉफ्टवेअर अक्षर नुसतं तिरकं ढकलतं. 'हापूस' तिरका करून मोठा करून बघा. शिरोरेघ आडवीच राहते, काने कलंडतात आणि 'पू'चा ऊकार डावीकडे सरकून 'हा'च्या कान्याखाली घुसायला बघतो. रफार, वेलांट्या उलट पुढच्या अक्षरावर जातात. मराठी नाव सरळ, चांगलं जाड ठेवा; इंग्रजीशेजारी ते कमी पडत नाही.

आता छपाई. पुठ्ठ्याच्या पेटीवर शाई पसरते. बोडोनीसारखा जाड-बारीक फरक फार असलेला फॉन्ट घेतलात तर केसासारख्या रेषा तुटतात, नाहीतर इंग्रजी 'ई'चं (e) पोट भरून काळा ठिपका होतो. पेटीला लोरा बोल्ड इटालिक बरा, फरक बेताचा आहे. सरबताच्या गुळगुळीत लेबलवर प्लेफेअर डिस्प्ले चालेल, तिथे बारीक रेघ टिकते. दोन्ही फुकट मिळतात. जॉर्जियाही देखणा, पण त्याचे आकडे ओळीच्या वर-खाली होतात. नावाला घ्या, किमतीला नको.

आणि हात राखून. नाव, फार तर त्याखालची एक ओळ. घटक, वजन, तारीख, अन्न परवान्याचा (FSSAI) चौदा आकडी क्रमांक हे सगळं साध्या सरळ अक्षरात. एका गिऱ्हाइकाने साठवणुकीच्या सूचनांचा अख्खा परिच्छेद बोल्ड इटालिकमध्ये मागितला होता, दिलाही करून (पैसे त्याचे). वाचायला चष्मा काढून-घालून दमछाक.

फायनल करण्याआधी एक प्रिंट खऱ्या मापात काढा, रिकाम्या पेटीवर चिकटवा आणि दहा पावलांवरून बघा. स्क्रीनवर मोठं करून ठरवू नका.